बेटाची बुडालेली बाजू

द हेगमधल्या आमच्या घराचा जिना शिडीसारखा उभा होता. तिथली जुनी घरं तशीच असतात. एका अरुंद दारातून आत शिरायचं आणि भिंतीला हात टेकत सरळ वर चढत जायचं. आई पहिल्यांदा आली तेव्हा बॅगांसकट जिन्याच्या तळाशी उभी राहून म्हणाली होती, "अहो, हे घर आहे का माळा?" पुढे त्याच जिन्यावरून तिला खाली नेताना स्ट्रेचर वळेना, तेव्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला एका खुर्चीत बसवलं, पट्ट्यांनी बांधलं आणि एकेक पायरी सांभाळत उतरवलं. मी वरच्या कठड्याशी उभी होते. गाऊनवर शाल पांघरलेली, केसांची वेणी न घातलेली आई माझ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखी हसली. शाळेला उशीर होईल, डबा घे, असं काहीतरी म्हणाली. हॉस्पिटलमधून बाबांचा फोन आला तेव्हा मी भूगोलाच्या तासाला बसले होते.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पुण्याहून इथे येऊन चार वर्षं झाली होती. बाबा डेल्फ्टला पाण्याच्या कामात होते. नद्यांचे काठ का खचतात, किनारे कसे राखायचे, हा त्यांचा विषय. आई गेल्यावर त्यांनी सगळं नीट, कागदोपत्री चोख केलं. दहनाला मला नेलं नाही. इथे दहन झाल्यावर अस्थी लगेच हाती देत नाहीत. महिनाभर त्या तिथेच ठेवतात, तसा कायदा आहे. पुण्याहून आजोबा फोनवर विचारायचे, "अरे, दहावा झाला, तेरावा झाला, अस्थी कुठे आहेत?" आणि बाबा शांतपणे सांगायचे, "मिळतील. इथे पद्धत तशी आहे." त्या मिळाल्या तेव्हा माझी परीक्षा होती. बाबा एकटेच नाशिकला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी बॅग उघडली, माझ्यासाठी आणलेला चिवडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पेपर कसे गेले?" मी म्हटलं, "बरे गेले." आमच्यात आईविषयीचं बोलणं तिथेच थांबलं. तिचं नाव घरात कुणी घेईना. तिला मी शेवटची पाहिली ती खुर्चीत बांधलेली, त्यामुळे ती कुठेतरी नेली आहे आणि अजून पोचलेली नाही, असं मला वाटत राहायचं. मला रडूही आलं नव्हतं. लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर तांते हिल्डा राहायची. तांते म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळं काही. डच भाषेला एकच शब्द पुरतो. ती सुरिनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतली, काळी, उंच, पन्नाशीची, वृद्धाश्रमात परिचारिका. तिचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेतून सुरिनामच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले होते. हे ती कधी कुजबुजत सांगायची नाही आणि कधी आवाज चढवूनही नाही. आपण जसं "आमचं मूळ गाव कोकणात" म्हणतो तसं सांगायची. आई असताना दोघींचं जिन्यात उभ्याउभ्या बोलणं चालायचं. आईचं डच आणि तिचं हिंदी, दोन्ही मोडकंतोडकं. सुरिनामच्या भोजपुरी शेजाऱ्यांकडून उचललेलं तिचं हिंदी ऐकून आई हसून बेजार व्हायची. आई गेल्यावर तांतेने बाबांना विचारलंही नाही. मी शाळेतून आले की तिच्याकडे जायचं, हे आपसूक ठरलं.

तिच्या घरात सतत आवाज असायचे. रेडिओ, किटली, खिडकीतल्या पिंजऱ्यातला पक्षी, खालून वळणावर किंचाळत जाणारी ट्राम, आणि या सगळ्यावर तिचं स्वतःशी गुणगुणणं. आमच्या वरच्या घरात फक्त फ्रिज घुमायचा. शनिवारी ती पिंडासूप करायची. पिंडा म्हणजे शेंगदाणे. दाण्याचं कूट, कोंबडीचं पाणी, मिरची, आणि वर कच्च्या केळ्याचे कुटून वळलेले गोळे. माझ्यासाठी ती कोंबडीशिवाय वेगळं करायची. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी चमचा तोंडातच धरून बसले. ती आमची दाण्याची आमटी होती, जिरं आणि आमसूल तेवढं नव्हतं. एकदा तिने बाबांसाठी वाडगा वर पाठवला. बाबांनी चव घेतली आणि ते म्हणाले, "याच्याबरोबर वऱ्याचे तांदूळ हवेत." मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, उरलेलं त्यांनी खिडकीकडे तोंड करून संपवलं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबांना एक काम आलं. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नदीच्या मुखापासून थोडं आत एक छोटं बेट आहे. त्यावर व्यापाऱ्यांचा जुना किल्ला होता. आतल्या मुलखातून धरून आणलेली माणसं तिथे कोंडून ठेवायची आणि जहाज आलं की समुद्रापार पाठवायची. ते बेट आता नदी खाऊन टाकत होती. मूळच्या जागेतला बराच भाग पाण्यात गेला होता, उरलेला वाचवण्यासाठी दगडी बांध कुठे आणि कसा घालावा हे बघायला बाबांना बोलावलं होतं. नाताळच्या सुट्टीत जायचं होतं. मला एकटीला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता, म्हणून बाबा तांतेकडे विचारायला गेले. मी त्यांच्या मागे दारात उभी होते.

तांतेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुलीला मी ठेवून घेणार नाही, मेनेर बापट. मुलीला तुम्ही घेऊन चला. आणि मी पण येते."

बाबा गोंधळले. त्यांचा स्वभाव शास्त्राचा. अत्यंत आदराने ते म्हणाले, "पण हिल्डाबाई, सुरिनामला नेलेले लोक बहुतेक दुसऱ्या किनाऱ्यांवरून नेले होते, असं मी वाचलंय. तुमचे लोक याच बेटावरून गेले असं काही तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग?"

"कुठून नेलं ते कुणालाच माहीत नाही. माझ्या आईला माहीत नव्हतं, तिच्या आईला नव्हतं." मग तिने विचारलं, "तुमच्या बायकोला तुम्ही नाशिकला का नेलंत? ती नाशिकची होती का?"

बाबांनी मान हलवली. "नाही. सगळे तिथेच नेतात."

"मग मलाही सगळे जातात तिथे जाऊ द्या. जागा चुकीची असली तरी चालेल. पण एक जागा पाहिजे."

बाबा जिना चढून वर आले आणि ओट्याशी उभे राहिले. नाशिक हा शब्द आमच्या इमारतीत इतक्या दिवसांनी उच्चारला गेला होता, आणि तोही एका सुरिनामी बाईकडून. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांच्या तिकिटांची चौकशी केली.

विमानात आमच्या आजूबाजूला सगळे उन्हासाठी निघालेले डच लोक होते, सुट्टीच्या मूडमध्ये, पायात सँडल आधीच घातलेल्या. तांते चर्चला जायच्या निळ्या ड्रेसमध्ये ताठ बसली होती. उतरल्यावर धुळीची कोरडी ऊब अंगावर आली आणि मला एकदम पुण्याचा मार्च आठवला. बेटासमोरच्या काठावर एक गाव आहे, अल्ब्रेडा. तिथल्या एका घरात आमची सोय केली होती. पहिल्याच दुपारी घरच्या बाईने परातीत भात आणि त्यावर दाण्याच्या कुटाचा दाट रस्सा वाढून आणला. आम्ही तिघं परातीभोवती बसलो. तांतेने एक घास घेतला आणि तिचा हात थांबला. माझ्याकडे बघून ती डचमध्ये हळूच म्हणाली, "मेइशे, बघ." मेइशे म्हणजे मुली, ती मला नेहमी तसंच म्हणायची. तिला त्या घासात पुरावा सापडला होता. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पुष्कळ वर्षांनी कळलं की भुईमूग मुळात आफ्रिकेचा नाहीच. तो अमेरिकेतून तिकडे आला, त्याच जहाजांच्या वाटांनी. तिच्या हयातीत हे तिला सांगायची मला गरज वाटली नाही. सांगायला हवं होतं असं आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर निघालो. नावाडी लामिन बाबांच्याच वयाचा होता, थोडं इंग्रजी बोलणारा. रंगवलेली लांबट होडी आणि मागे इंजिन. नदी इतकी रुंद होती की मला ती समुद्रच वाटली. तांतेला पाण्याची भीती होती. तिच्या घराण्यात कुणी पोहत नसे, आणि द हेगमध्ये राहूनही ती समुद्रावर पाय भिजवायला कधी गेली नव्हती. होडीत ती डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून बसली. लामिनने इंजिनाचा वेग कमी केला आणि तिला काही न विचारता सावकाश नेलं.

बेट बघून माझी निराशा झाली होती, हे लिहिलं पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकातला बेट हा शब्द किती मोठा वाटतो! आणि हे पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानाएवढं. तांबड्या दगडांच्या पडक्या भिंती, गंजून पापुद्रे सुटलेल्या तोफा, आणि फुगलेल्या बुंध्यांची निष्पर्ण झाडं. "गोरखचिंच," बाबा म्हणाले, "वसईच्या किल्ल्यात आहे बघ." ओहोटी सुरू झाली होती आणि पाणी उतरलेलं असतानाच मोजमाप व्हायला हवं होतं, म्हणून ते लगेच कामाला लागले. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन ते काठाने पुढे सरकत राहिले. तांते एकटीच भिंतींमधून फिरत होती. एका तळघरासारख्या लहान खोलीच्या दाराशी ती वाकली, आत बघितलं. आत गेली नाही. थोड्या वेळाने आमच्याकडे आली आणि तिने लामिनला विचारलं, "त्या एवढ्या खोलीत सगळी माणसं मावायची?"

"तिथे दांडगाई करणाऱ्यांना ठेवायचे, असं सांगतात," लामिन म्हणाला. "बाकीच्यांच्या खोल्या तिकडे होत्या." त्याने हात केला. आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिकडे नुसतं पाणी होतं. उथळ, तपकिरी, खडकांवर फुटणारं.

तांतेने बाबांकडे बघितलं. बाबांनी टेप गुंडाळायला घेतला होता, तो तसाच राहिला. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मधला उंच भाग तेवढा मूळचा खडक आहे. त्यावर किल्ला बांधला. मग जागा पुरेना म्हणून कडेने मेढी ठोकून, भर घालून जमीन वाढवली. त्या भरावावर कैद्यांच्या खोल्या होत्या. नदीने आधी भराव नेला."

"आणि तुम्ही बांध घालणार तो कुठे?"

बाबांनी पायाखाली बोट दाखवलं. "इथून. किल्ल्याभोवती."

"म्हणजे तुम्ही वाचवणार ते व्यापाऱ्यांचं घर."

बाबांचा चेहरा त्या क्षणी इतका उघडा पडला की मी नजर वळवली.

तांतेने बूट काढले. मोजे काढून बुटांत कोंबले, निळ्या ड्रेसची कड मुठीत धरली आणि ती पाण्यात उतरायला लागली. लामिन पुढे झाला, "मॅडम, खाली शिंपले आहेत, पाय कापेल." तिने एका हाताने त्याला थांबवलं. होडीत डोळे मिटून बसलेली ती बाई गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली, लामिनने दाखवलेल्या दिशेला तोंड करून. आणि तिने हाक मारावी तशी नावं घ्यायला सुरुवात केली. आधी आईचं. मग आजीचं, मग पणजीचं. तिच्या आईची आई, तिची आई. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, जणू कुणी वळून बघायला वेळ द्यावा. शेवटी एक नाव आलं, मळ्याच्या मालकाने कुत्र्या-मांजराला द्यावं तसं ठेवलेलं. त्याच्यापुढे नाव नव्हतं. मग ती नुसतंच म्हणाली, "आणि तिची आई." थोड्या वेळाने, "आणि तिची आई." वारा होता, तरी मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आणि तिची आई. आणि तिची आई. ती कितीदा म्हणाली मला माहीत नाही.

मी कधी पाण्यात गेले ते मला आठवत नाही. बूट मोजे तसेच होते. तिच्या शेजारी जाऊन मी मोठ्याने "आई" म्हटलं. एकदा म्हटल्यावर थांबताच येईना. मी आईला हाका मारत होते. खुर्चीत बांधून नेली होती ती, त्यानंतर मी तिला हाकच मारली नव्हती. तांतेने ड्रेस सोडून दिला आणि मला दोन्ही हातांनी धरलं. माझा हंबरडा तिच्या पोटात शिरत होता. तीही रडत होती, पण उभी होती, आणि मला उभं धरून होती.

मग पाण्यात आणखी कुणीतरी आल्याचं जाणवलं. बाबा होते. ऑफिसचे काळे बूट, इस्त्रीची पँट. ते आमच्यापासून थोडे दूर उभे राहिले, त्यांना जवळ कसं यायचं ते कळत नसावं. मग म्हणाले, "कुसुम."

मी वळून बघितलं. आईचं नाव सुनंदा होतं.

"कुसुम होतं तिचं माहेरचं नाव," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लग्नात आम्ही बदललं. नाशिकला गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा मी सुनंदा सांगितलं. मग रात्रभर वाटत राहिलं, तिला कळलं असेल का, की तिलाच बोलावतायत." मग ते माझ्याकडे वळले. "तुला न्यायला हवं होतं मिनू. मला वाटलं, तू बघू नयेस. मीच बघू शकत नव्हतो."

मी त्यांचा हात धरला. इतकंच. पुढे वर्षानुवर्षं आम्ही खूप बोललो, भांडलोही, पण त्या दिवशी एवढंच झालं. दोन दुःखं शेजारी उभी राहिली म्हणून सारखी होत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या आईला नाव होतं, एक सोडून दोन होती, आणि तिला पोचवणारं माणूस होतं. तांतेपाशी यांतलं काहीच नव्हतं. तरी आपल्या न सापडणाऱ्या माणसांच्या जागेत तिने मला उभं राहायला जागा दिली. आज मी तिच्या वयाच्याही पुढे गेले आहे. आल्मेरेच्या आमच्या घरातून ट्रेनने कामाला जाताना कधीकधी मनात येतं, मला जमलं असतं का हे? माझी मुलगी माझं मराठी ऐकते आणि डचमध्ये उत्तर देते. तिला मी ही गोष्ट सांगितली. मग तिने विचारलं, "आजीच्या आईचं नाव काय होतं?" मला सांगता आलं नाही. पुण्याला फोन करून विचारलं. तिथेही आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

परत आल्यावर बाबांनी अहवाल लिहिला. किल्ल्याभोवतीचा बांध त्यात होताच. शिवाय त्यांनी लिहिलं, की बेटाचा बुडालेला भाग हाच या जागेचा खरा भाग आहे, तिथे पाण्यात खांब रोवून त्याची हद्द दाखवावी, होड्यांनी तिथे नांगर टाकू नये. वरिष्ठांनी तो परिच्छेद गाळला. हे आपल्या विषयात बसत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. बाबांनी पुन्हा लिहिला, पुन्हा गाळला गेला. शांत स्वभावाचे माझे वडील त्या पायी ऑफिसातल्या एका चांगल्या मित्राशी कायमचे तुटले. नंतर काही वर्षांनी किल्ल्याभोवती बांध झाल्याचं कळलं. खांब काही कुणी रोवले नाहीत. अलीकडे इथल्या सरकारने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली तेव्हा टीव्हीवर सगळं लाइव्ह दाखवत होते. मी घरी एकटीच होते. तांतेला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि बाबाही नव्हते. मी आवाज बंद करून नुसती माणसांची तोंडं बघत बसले.

बांध झाल्याची बातमी आली तेव्हा बाबा ती सांगायला खाली गेले होते, मीही सोबत होते. तांते निवृत्त झाली होती, गुडघे दुखायचे, दाराला हात टेकून उभी राहिली. बाबांनी सांगितलं, किल्ला आता सुरक्षित आहे, निदान आमच्या हयातीत तरी पडणार नाही. मग खाली मान घालून म्हणाले, "खांबांचं मात्र मला जमलं नाही, हिल्डाबाई. ती जागा तशीच राहिली. अजून खोल गेली असेल."

"जाऊ दे खोल," तांते म्हणाली. "आता तिथून कुणाला कुठे नेता येणार नाही."

बाबा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. ती गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि दोघं उघड्या दारातून रस्त्याकडे बघत राहिली.